डीपीएफची लाइट लागली? फिल्टर बदलायची घाई नको

मित्रा, डीपीएफ म्हणजे डिझेल गाडीच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आणि त्याची लाइट लागली म्हणजे फिल्टर गेलाच असं नसतं, बऱ्याचदा तो बिचारा दुसऱ्याच कुणाच्या चुकीमुळे चोक होतो. आधी स्कॅनर लाव आणि बिघाडाचे कोड क्लिअर करायच्या आधी लिहून ठेव, मग लाइव्ह डेटात डिफरन्शियल प्रेशर, म्हणजे फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक, बघ. इग्निशन ऑन, इंजिन बंद असताना ते जवळपास शून्यच दिसायला हवं, नसेल तर सेन्सरवर संशय घे. त्या सेन्सरच्या दोन रबरी नळ्या हाताने वाकवून बघ, एक्झॉस्टच्या उष्णतेने त्या कडक होऊन टोकाला चिरतात, आणि हे कुणी बघतच नाही, थेट महागडा फिल्टर गळ्यात मारतात, याचा मला खरंच राग येतो.

काजळी जळायला साधारण ६०० डिग्री सेल्सिअस लागतात, गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरत असेल तर रीजन, म्हणजे साचलेली काजळी जाळून फिल्टर साफ होणं, अर्धवटच राहणार. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तरीही तेच, इंजिन नीट तापतच नाही. ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टर, टर्बोचं ऑइल लीक हेही तपास, नाहीतर साफ केलेला फिल्टर परत भरेल.

फोर्स्ड रीजन, म्हणजे स्कॅनरने मुद्दाम सुरू केलेलं रीजन, करण्याआधी डिपस्टिक नक्की बघ. ऑइलची लेव्हल वर गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर आधी ऑइल बदल, तेही कमी राख सोडणारं, लो-अ‍ॅशच. गाडी मोकळ्या जागी लाव, खाली सुकं गवत नको. आणि राख मात्र रीजनने जळत नाही, त्यासाठी फिल्टर काढून धुवावा लागतो किंवा बदलावा लागतो.