रडार डिटेक्टर (पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या यंत्राची चाहूल देणारं गाडीतलं यंत्र) सोलापूरच्या सात रस्ता चौकात 'के' बँड दाखवत वाजतो आणि मोहोळच्या वाटेवर संध्याकाळी 'लेझर'. मशीन बिघडलंय का?

बहुतेक नाही. के बँड म्हणजे 24 गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या रडार लहरी, पोलिसांच्या काही रडार गन वापरतात त्या. दुकानांचे आपोआप उघडणारे काचेचे दरवाजे आणि बऱ्याच गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सरही तिथेच बोलतात. ओळखायची खूण सोपी: रोज त्याच जागी वाजून पुढे गेल्यावर थांबला तर दरवाजा, शेजारची गाडी सोबत असेपर्यंत कमी-जास्त होत राहिला तर सेन्सर. गावात 'सिटी' मोड (कमी संवेदनशील) ठेवा, गाड्यांच्या सेन्सरचे सिग्नल गाळणारा के फिल्टर चालू करा. जीपीएसवालं मॉडेल असेल तर ती जागा लॉक करून टाका, म्हणजे तिथे तो गप्प राहील, कटकट मिटली. हायवेला परत 'हायवे' मोड, हे मात्र लोक हमखास विसरतात.

लेझरचं वेगळं. पोलिसांची लेझर गन साधारण 904 नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशावर चालते आणि सूर्यप्रकाशातही तो असतोच. मोहोळकडे जाताना मावळतीचं ऊन थेट लेन्सवर येतं. डिटेक्टर काचेवर थोडा सरकवून लावा, लेन्स पुसा. तसाही खऱ्या लेझरचा झोत 300 मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद. डिटेक्टर वाजेपर्यंत वेग मोजून झालेला असतो.