टेक्सास स्टेट गार्ड म्हणजे सैन्य का? त्यात गेलं तर लढाईवर पाठवतात का?

तुमचा भाचा डॅलसला असतो, तिकडचाच नागरिक आहे आणि नोकरी सांभाळून टेक्सास स्टेट गार्डमध्ये जायचं म्हणतो. तुमची बहीण धास्तावली आहे. हे सैन्य आहे की आपल्या एसआरपीसारखं काही, आणि उद्या त्याला कुठे लढाईवर धाडतील का, असं तुम्ही विचारलंय.

आधी बहिणीला फोन करून सांगा, की स्टेट गार्डला परदेशी लढायला पाठवत नाहीत. हे दल देशाच्या सैन्यात ओढता येणार नाही, असं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातच लिहिलेलं आहे. त्याचा धनी एकच, टेक्सासचा गव्हर्नर.

घोटाळा होतो तो नॅशनल गार्डमुळे. गणवेश जवळपास सारखा, दोन्ही टेक्सासच्याच लष्करी खात्यात, दोन्हींचं मुख्यालय ऑस्टिनच्या कॅम्प मेब्रीत. पण नॅशनल गार्डला धनी दोन. त्यातली बहुतेक माणसं एरवी शिक्षक, मेकॅनिक, बँकेतली. महिन्याला एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे सराव करतात. पूर आला की गव्हर्नर बोलावतो, युद्ध आलं की राष्ट्राध्यक्ष. त्यांचं मूळ १६३६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांच्या पलटणींपर्यंत जातं. १९०३ च्या कायद्याने त्यांना केंद्राचा पैसा आणि शिस्त आली, आणि १९३३ पासून प्रत्येक जवान एकाच वेळी राज्याचाही आणि देशाच्या राखीव सैन्याचाही असतो.

दोन धनी म्हणजे काय, ते १९५७ मध्ये आर्कान्सामधल्या लिटल रॉकला दिसलं. तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलं प्रवेश घेणार होती. गव्हर्नर फॉबस यांनी नॅशनल गार्ड शाळेच्या दारात उभं केलं, मुलांना आत जाऊ न देण्यासाठी. तीन आठवड्यांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ते अख्खं गार्ड आपल्या हुकमाखाली घेतलं आणि सोबत देशाच्या सैन्याची १०१ वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवली. आता त्याच गार्डचं काम होतं मुलांना संरक्षण देण्याचं. माणसं तीच, बंदुका त्याच, फक्त हुकूम देणारा बदलला. मला हा प्रसंग कधीही वाचला तरी अस्वस्थ करतो.

मग स्टेट गार्ड वेगळं का काढलं? १९४० च्या नोव्हेंबरात टेक्सासची ३६ वी डिव्हिजन, म्हणजे नॅशनल गार्डच, केंद्राने बोलावून घेतली. पुढे ती इटलीत सालेर्नोला उतरली. राज्यात मागे कोण उरलं? अमेरिकेच्या घटनेनुसार काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, परवानगीशिवाय राज्याला शांततेच्या काळात फौज ठेवता येत नाही. ती परवानगी १९४० मध्ये मिळाली आणि १९४१ मध्ये टेक्सास डिफेन्स गार्ड उभं राहिलं. १९४३ मध्ये त्याचं नाव स्टेट गार्ड झालं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये बोमाँट शहरात गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जाळल्या तेव्हा हेच दल रस्त्यावर उतरलं. युद्ध संपल्यावर ते मोडलं, पुन्हा राखीव दल म्हणून उभारलं आणि १९६५ पासून परत जुन्याच नावाने चालू आहे. अशी दलं आज वीसेक राज्यांत आहेत. फ्लोरिडाने आपलं २०२२ मध्ये पुन्हा सुरू केलं.

मी ह्यूस्टनला राहतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळ आलं, पाऊस चार दिवस हटला नाही. गव्हर्नरनी टेक्सासचं सगळं नॅशनल गार्ड, साधारण १२,००० माणसं, बोलावून घेतलं. त्यांचे उंच चाकांचे ट्रक छातीभर पाण्यातून लोकांना काढताना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. स्टेट गार्ड मला दिसलं ते एका निवाऱ्यात, जिथे आम्ही मंडळाचे काहीजण खिचडीची पातेली घेऊन गेलो होतो. दारात एक साठीच्या बाई लष्करी गणवेशात बसल्या होत्या. छातीवरच्या पट्टीवर ‘यू. एस. आर्मी’ नव्हतं, राज्याचं नाव होतं. येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला त्या बारकोडची पट्टी बांधत आणि यंत्राने टिपून घेत. कोण कुठल्या बसने कुठे गेला, हे नंतर घरच्यांना शोधता यावं म्हणून. एका आजोबांच्या कुत्र्यालाही पट्टी बांधली. आजोबा तोवर गप्प होते, ते त्या क्षणी रडायला लागले. बाईंनी खुर्ची सोडली आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या. रांग थांबली, कुणी कुरकुर केली नाही. स्टेट गार्डचं काम असं असतं: निवारे, नोंदी, रसद, शोध, वैद्यकीय मदत. हातात बहुधा बंदूक नसते.

पण एकच धनी असण्यातही धोका आहे, तो भाच्याला माहीत असावा. २०१५ मध्ये अमेरिकी सैन्याचा ‘जेड हेल्म’ नावाचा सराव टेक्सासमध्ये होणार होता. सैन्य राज्याचा ताबा घेणार, अशा अफवा उठल्या आणि गव्हर्नर अॅबट यांनी स्टेट गार्डला त्या सरावावर लक्ष ठेवायला सांगितलं. स्वतःच्याच देशाच्या सैन्यावर! ते मला तेव्हाही चुकीचं वाटलं, आजही वाटतं. अफवा खोडायची सोडून तिला गणवेश चढवला गेला.

एसआरपीशी तुलना मात्र करू नका. माझे काका दौंडच्या ग्रुपला होते. गणपतीत ते कधी घरी नसत, कारण बंदोबस्त. ती पूर्णवेळ नोकरी, आणि ते पोलीस दल, राज्याच्या गृहखात्याखालचं. आपल्याकडे लष्कर हा फक्त केंद्राचा विषय आहे, राज्याला पलटण ठेवताच येत नाही. नोकरी सांभाळून सैनिक व्हायचं तर १९४९ पासूनची प्रादेशिक सेना आहे, पण तीही केंद्राचीच. म्हणून स्टेट गार्डला आपल्याकडे नेमका जोड नाही.

भाच्याला एवढं विचारा, की त्याने अर्ज नेमका कुठल्या गार्डचा भरलाय. नॅशनल गार्डचा असेल तर बहिणीची काळजी खरी आहे. इराक-अफगाणिस्तानात ती मुलं वर्ष-वर्ष राहून आली आहेत. स्टेट गार्डचा असेल तर सरावाचा पगार मिळत नाही, राज्याने कामावर बोलावलं तरच त्या दिवसांचे पैसे मिळतात. आणि ऑफिसात आधीच बोलून ठेवायला सांगा. जून ते नोव्हेंबर वादळांचे महिने, बोलावणं बहुधा तेव्हा येतं, आणि फार वेळ देऊन येत नाही.