किशोरवयीन मुलींच्या ॲनिमियावरचं काम खरंच लागू पडतंय का, हे छोट्या संस्थेनं कसं तपासावं?

तुम्ही विचारलंय की जूनपासून १२ गावांत मुलींच्या ॲनिमियावर काम सुरू होतंय, पुढच्या वर्षी आणखी ८ गावं घ्यायची आहेत, देणगीदारांना परिणाम दाखवायचाय आणि बाहेरची एजन्सी परवडत नाही. मग मूल्यमापन करायचं कसं? मी मराठवाड्यातल्या छोट्या संस्थांना हेच करायला मदत करते. एजन्सी नसली तरी चालेल. पण मुलींची नावानिशी यादी नसेल, तर काहीच चालणार नाही.

एका संस्थेचं उदाहरण सांगते. त्यांनी सप्टेंबरात मुलींचं हिमोग्लोबिन तपासलं आणि फेब्रुवारीत पुन्हा. ॲनिमियाचं प्रमाण घटलेलं दिसलं, अहवालही लिहून झाला. मी दोन्ही याद्या शेजारी ठेवून एकेका नावासमोर बोट फिरवत गेले, तर दुसऱ्या यादीत बरीच नावं नव्हतीच. दिवाळीच्या सुमारास ती घरं ऊसतोडीला गेली होती आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मुलीही बरोबर गेल्या होत्या. म्हणजे ज्यांच्या ताटात सगळ्यांत कमी पडतं, त्याच मोजणीतून गळल्या. हिशेब करून बघा. १०० मुलींत ६० जणींना ॲनिमिया आहे. २० मुली हंगामाला गेल्या, त्यांतल्या १६ ॲनिमियाच्या. मागं राहिलेल्या ८० जणींत ४४, म्हणजे ५५ टक्के. कुणी लोहाची एक गोळी न खाता पाच टक्क्यांची सुधारणा!

म्हणून पहिली तपासणी जुलैत करा आणि दुसरी पुढच्या जुलैत, त्याच मुलींची. तोवर ऊसतोडीच्या टोळ्या परतलेल्या असतात आणि शाळाही सुरू झालेल्या असतात. जी सापडली नाही, तिच्या नावापुढं ती कुठं गेली ते लिहा. माझ्या मते हा रकाना अहवालातल्या कुठल्याही आलेखाइतकाच महत्त्वाचा आहे.

दुसरी गोष्ट, गोळी मिळाली आणि गोळी पोटात गेली यांत फार अंतर असतं. एका शाळेचं आठवड्याच्या गोळीचं रजिस्टर बघितलं, तर दर सोमवारी सगळ्या मुलींपुढं बरोबरची खूण, एकाच पेनानं, एका दमात केलेली. मागच्या भिंतीशी गेले तर मातीत निळ्या गोळ्या पडलेल्या, काही पावसानं विरघळून नुसता निळा डाग उरलेला. मुलींना बाजूला बसवून विचारलं, तेव्हा दहावीतली एक म्हणाली, "मळमळतं, ताई. सकाळपासून पोटात काही नसतं." शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच असतो. धाकट्या मुली खिचडीवर गोळी घेत होत्या आणि नववी-दहावीच्या उपाशीपोटी. मोठ्या मुलींनी ती रात्री घरी जेवल्यावर घ्यायची असं ठरलं, आणि शौचाला काळं होतं म्हणून घाबरायचं नाही, हेही तेव्हाच सांगितलं. हे कुठल्याही टक्केवारीतून कळलं नसतं. दर महिन्याला चार मुलींच्या घरी जाऊन पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजा. मात्र ओरडायला आलात असं वाटलं, तर पाकीट लपवलं जाईल.

आता तुलनेचं. पाऊस बरा झाला, रेशन सुधारलं, तरी रक्त वाढतं, मग श्रेय कुणाचं? इथं तुमची पुढच्या वर्षीची ८ गावं कामी येतील. त्यांचीही तपासणी याच जुलैत आणि पुढच्या जुलैत, काम सुरू होण्याआधी करा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नवजात बाळांच्या घरगुती काळजीचं काम ३९ गावांत केलं आणि त्याच काळात दुसऱ्या ४७ गावांतले जन्ममृत्यूही नोंदले. १९९९ मध्ये ते आकडे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. बालमृत्यू एरवीही घटलेच असते, असं म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला ती ४७ गावं होती.

पण जिचं हिमोग्लोबिन ८ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली निघेल, तिला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं, मग ती कुठल्याही गावातली असो. तुलना बिघडली तर बिघडू दे. आणि अशा निवडक मुलींचंच पुन्हा मोजून 'सुधारणा' दाखवू नका. सगळ्यांत खालचे आकडे दुसऱ्या मोजणीत थोडे आपोआप वर सरकतात.

मोजणीचं थोडक्यात: दोन्ही वेळा एकच यंत्र हवं. एकदा साहली (रंग जुळवून मोजायची जुनी पद्धत) आणि एकदा डिजिटल मीटर असं नको. बोट दाबून रक्त काढू नका, ते पातळ होऊन आकडा खाली येतो. पहिला थेंब पुसा. ३० मुलींवर निष्कर्ष काढू नका, एवढ्या नमुन्यात टक्केवारी १८ इकडे किंवा १८ तिकडे असू शकते. दोन्ही गटांत किमान २०० मुली तरी घ्या, तेव्हा ही चूक सातच्या आसपास येते. एका गावातल्या मुली एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात ही चूक आणखी थोडी जास्त धरा.

देणगीदारांना आत्ताच, पहिल्या तपासणीआधी, एक पानभर लिहून द्या: काय मोजणार, कधी, आणि फरक दिसला नाही तर काय बदलणार. मी पाहिलेल्या बहुतेक देणगीदारांनी हे पान मनापासून स्वीकारलंय.

तुमच्या १२ गावांतली किती घरं हंगामाला जातात ते इथं कळवा. त्यावरून किती मुलींची नावं जास्तीची धरायची, ते मी मांडून देते.