अननसाचे बिनसाखरेचे तुकडे: शिऱ्यात आणि सासवात

अननसाचे बिनसाखरेचे तुकडे शिऱ्यात आणि सासवात कसे वापरायचे, असं विचारलंत. बिनसाखरेचे आणलेत ते बरंच केलंत. पाकातल्या अननसाने शिरा मिट्ट गोड होतो. फक्त आधी बघा, डब्यातले आहेत की फ्रोजन? डबाबंद करताना फळ तापवतात, त्यामुळे त्यातलं ब्रोमेलेन (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) निकामी होतं. फ्रोजनमध्ये ते शाबूत असतं; दुधात किंवा दह्यात तसेच टाकलेत तर थोड्या वेळाने कडवट लागतं.

शिऱ्याला १ वाटी रव्यासाठी पाऊण वाटी तुकडे पुरेत. बारीक चिरा, मोजलेल्या साखरेतलीच दोन-तीन चमचे घालून मंद आचेवर ठेवा. आधी पाणी सुटेल, मग ते आटून फोडी काचेसारख्या चकचकीत दिसतील. तेव्हा उतरवा आणि रवा फुलल्यावर मिसळा. डब्यातला रस ओतून देऊ नका, रव्याच्या पाण्यात मोजून धरा. इसेन्स मात्र अजिबात नको (माझा हट्ट समजा). केशराच्या चार काड्या चालतील.

गोव्याकडचं सासव (मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातला फळांचा पदार्थ) करणार असाल तर गूळ जरा सढळ हाताने घाला. ओलं खोबरं नि सुकी मिरची आधी वाटून घ्या, मोहरी शेवटी घालून एकदाच फिरवा. फार वाटली की ती कडू होते.