मोडेमचा पत्ता बदला, राउटरला हात लावू नका

तुमची अडचण मला अशी समजली. ऑफिसात आठ कॉम्प्युटर, जुना चार पोर्टचा राउटर आणि जास्त मशीन जोडायला एक स्विच. टॅलीचा डेटा एका मशीनवर, प्रिंटर १९२.१६८.१.५० या पत्त्यावर (जाळ्यातल्या प्रत्येक मशीनचा असा एक आकडा असतो, तोच त्याचा आयपी). नवीन फायबर आलं, सोबत त्याचा मोडेम. मोडेमला थेट लॅपटॉप जोडला की नेट चालतं. तीच वायर राउटरच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं नेट आत घेणाऱ्या पोर्टात, घातली की एकाही मशीनवर पान उघडत नाही. टॅली आणि प्रिंट मात्र सुरू. आणि दुरुस्तीला आलेला माणूस म्हणतो, राउटर गेला, नवीन घ्या.

राउटर गेलेला नाही. पूर्ण गेला असता तर मशीनना पत्ते मिळाले नसते. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा. तिथे पहिले तीन आकडे १९२, १६८ आणि १ असलेला पत्ता दिसला तर दुखणं सापडलं: मोडेम आणि राउटर दोघेही १९२.१६८.१.१ हाच पत्ता धरून बसलेत. राउटरच्या लेखी १९२.१६८.१ म्हणजे आतली बाजू, आपलं ऑफिस. बाहेरूनही तोच आला की कोणता डेटा कुठल्या दारातून सोडायचा हे त्याला कळत नाही. काही राउटर तर असा पत्ता घेतच नाहीत, मग तिथे ०.०.०.० दिसतं.

आता दोघांपैकी एकाचा पत्ता बदलायचा, आणि इथेच बहुतेक जण राउटरचा बदलतात. कृपा करून तसं करू नका. मी एका ऑफिसात शनिवारी संध्याकाळी ते केलं होतं. नेट लगेच आलं. सोमवारी सकाळी प्रिंट बंद, हजेरीचं मशीन बंद, कारण त्या दोघांत जुने पत्ते हाताने भरलेले होते. हजेरीच्या मशीनच्या मेनूचा पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. लोक दारात रांगेत उभे राहून वहीवर सह्या करत होते. ऑफिसचं आतलं जाळं वर्षानुवर्षं बसलेलं असतं, मोडेम काल आलाय. त्यानेच सरकायला हवं.

मोडेम राउटरपासून सोडवा, लॅपटॉप वायरने जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. लॉगिन मोडेमच्या खालच्या स्टिकरवर असतं. काही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. लॅनच्या, म्हणजे आतल्या बाजूच्या, सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.१०.१ करा आणि त्याच पानावर डीएचसीपीची (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी सोय) सुरुवात-शेवटही १९२.१६८.१०.२ ते १०.५० करा, हे विसरलं की मोडेम जुनेच पत्ते वाटत बसतो. सेव्ह केल्यावर पान अडकेल. घाबरून रिसेट दाबू नका, पत्ताच बदललाय म्हणून ते अडकलंय. वायर काढून परत लावा आणि १९२.१६८.१०.१ उघडा.

मग मोडेमच्या लॅनमधून वायर राउटरच्या वॅनमध्ये. राउटरमध्ये जुन्या कनेक्शनचं पीपीपीओई युजरनेम (कंपनीकडे लॉगिन करायचं नाव) अजून भरलेलं असेल तर तो डायल, म्हणजे लॉगिनचा प्रयत्न, करतच राहील. डायल आता मोडेम करतोय, म्हणून राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये "डायनॅमिक आयपी" निवडा, म्हणजे तो मोडेमकडून पत्ता आपोआप घेईल. दोन्ही बंद करा, आधी मोडेम चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर.

वायरची पिनही हातात घेऊन बघा. जुन्या वायरीत क्लिप तुटलेली असते, पिन पोर्टात नुसती टेकलेली राहते. कपाटाचं दार लावलं की वायर ओढली जाते आणि वॅनचा दिवा विझतो. अशी पिन चिकटपट्टीने बांधू नका, नवीन क्रिम्प करून (वायरीला नवी पिन दाबून बसवून) घ्या.

कोणी सांगेल की वॅन सोडा, राउटरच्या लॅन पोर्टात घाला, लगेच चालतं. चालतं खरं, पण पत्ते वाटणारे दोघे होतात. सकाळी चाललेलं मशीन दुपारी प्रिंटर शोधत बसतं.

वेगाचं थोडक्यात: राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर २०० च्या प्लॅनमध्येही नव्वदच्या आसपासच मिळेल. आठ जणांना जीएसटी, मेल, टॅलीसाठी ते पुरतं. राउटर बदलायचाच तर त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) आता कोणी सुधारत नाही म्हणून बदला. तोवर ॲडमिन पासवर्ड बदला आणि बाहेरून लॉगिनची सोय बंद करा.

कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं मशीन) पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे राउटरमधून बाहेरच्यांना वाट देऊन, घरून बघत असाल तर या जोडणीत तो दिसणार नाही, मध्ये मोडेम आणि राउटर अशा दोन भिंती होतात. त्यासाठी नेटच्या कंपनीकडून मोडेम ब्रिज मोडमध्ये (मोडेम फक्त पूल, पत्ता थेट राउटरला) करून घ्या आणि डायल राउटरला करू द्या. युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (कंपनीच्या लाइनवरचा ओळख-नंबर) तिन्ही मागून घ्या. त्याआधी मोडेमचा इंटरनेटकडचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तो पत्ता कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला असतो; ब्रिजनेही उपयोग नाही, स्टॅटिक आयपीच (तुमचा एकट्याचा, न बदलणारा पत्ता) मागावा लागेल.

आणि एवढं सगळं होऊन ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग जातो, म्हणजे तिकडून उत्तर येतं, पण पानं उघडत नाहीत, असं झालं तर राउटरच्या डीएचसीपीमधलं डीएनएस (साइटच्या नावाचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बघा. तिथे जुन्या कंपनीचा आकडा हाताने भरलेला असतो आणि तिचा सर्व्हर बहुधा फक्त आपल्याच ग्राहकांना उत्तर देतो. तो पुसा, १९२.१६८.१०.१ भरा आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा.