तयार माफीनाम्यावर सही करू नका

प्रश्न : रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी ईओटी क्रेन (छताखालच्या रुळांवरून फिरणारी विजेची क्रेन) चालवतो. कायम कामगार, पगार 19 हजार. गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, नादी लागलो आणि शेवटी सुईपर्यंत गेलो. आता सरकारी रुग्णालयातल्या ओएसटी केंद्रात (नशेच्या जागी पर्यायी औषध देणारं केंद्र) नाव घातलंय. रोज तिथे जाऊन त्या औषधाची, बुप्रेनॉर्फिनची, गोळी जिभेखाली विरघळवावी लागते. केंद्र नऊला उघडतं, माझी शिफ्ट साडेनऊची, त्यामुळे रोज लेटमार्क. एचआरने विचारल्यावर खरं सांगून टाकलं. आता ते म्हणतात, माफीनामा दे नाहीतर राजीनामा दे, नाहीतर पोलिसांत देतो. काय करू?

उत्तर : आधी माफीनाम्याचं बोलू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मजकूर टाइप करून तयारच आहे : 'मी नशेच्या अंमलाखाली कामावर येत होतो, यापुढे असे होणार नाही.' यावर सही करू नका. तुम्ही एचआरला सांगितलात तो आजार आणि त्यावरचा उपचार. हा कागद म्हणजे गैरवर्तनाची कबुली आहे. नशेत कामावर येणं स्थायी आदेशांत (कारखान्याच्या नोकरीच्या नियमांत) गैरवर्तन ठरतं, डॉक्टरांनी दिलेलं औषध घेणं ठरत नाही. एकदा सही झाली की खातेनिहाय (कंपनीच्या अंतर्गत) चौकशीत कंपनीला वेगळा पुरावा शोधावाच लागणार नाही. राजीनाम्याचंही तसंच. दबावाखाली लिहून घेतला, हे नंतर सिद्ध करताना नाकी नऊ येतात. 'सल्ला घेऊन लेखी उत्तर देतो' एवढी एक ओळ द्या आणि तिची पोच घ्या.

पोलिसांची धमकी बरीचशी पोकळ आहे. एनडीपीएस कायद्याच्या (अमली पदार्थविरोधी कायद्याच्या) कलम 27 खाली सेवन हा गुन्हा आहे खरा, हेरॉइनसाठी एक वर्षापर्यंत शिक्षाही आहे. पण त्याच कायद्यात कलम 64-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं. म्हणून केंद्राचं कार्ड आणि हजेरीच्या नोंदी जपा. गोळीबद्दल म्हणाल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्वतःच्या उपचारासाठी जवळ बाळगलेलं औषध हा गुन्हा नाही. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम 22नेही, सुईवाटे एचआयव्ही पसरू नये म्हणून, अशा पर्यायी औषधोपचाराला गुन्ह्याबाहेर ठेवलंय.

तुमची खरी दुबळी बाजू लेटमार्क आहे. सवयीने उशिरा येणं हे कागदावर सरळ गैरवर्तन आहे, आणि कंपनीच्या वकिलाच्या जागी मी असतो तर गर्दचा उल्लेखही न करता तेवढंच धरलं असतं. केंद्राच्या डॉक्टरांकडून दाखला घ्या : 'हे माझ्याकडे उपचार घेत असून रोज सकाळी अमुक वेळ त्यांना यावे लागते.' आजाराचं नाव नको. मानसिक आरोग्य कायदा, 2017 व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थांनाही लागू आहे आणि त्याच्या कलम 23 प्रमाणे डॉक्टर तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय कंपनीला देऊ शकत नाहीत. (तुम्ही स्वतः जे सांगून बसलात ते आता परत घेता येणार नाही. पण पुढचं तरी तोंडी नको.) दाखला जोडून दुपारच्या पाळीसाठी अर्ज करा. डोस बसल्यावर काही दिवसांच्या गोळ्या घरी मिळतील का, हेही विचारा. करोनापासून केंद्रांना ती मुभा आहे.

आता क्रेन. इथे मी तुमचा वकील असूनही कंपनीची बाजू घेणार आहे. डोस ठरेपर्यंत झापड येऊ शकते, आणि तुमच्या हुकला लटकणाऱ्या लोखंडाखाली माणसं उभी असतात. डॉक्टर 'क्रेन चालवण्यास हरकत नाही' असं लिहून देईपर्यंत केबिनमध्ये चढू नका. तोवर खालचं, मालाला स्लिंग (उचलायचे पट्टे) बांधण्याचं काम द्या, असा लेखी अर्ज द्या. तो फेटाळला तरी तुम्ही जबाबदारीने वागलात याचा कागद राहील. गोळी चुकवून, टर्की लागलेल्या (नशा तुटल्याने अंग मोडून येणाऱ्या) अवस्थेत वर चढणं तर त्याहून वाईट. ज्यांना हे औषधच धोक्याचं वाटतं त्यांना हे समजत नाही.

सुरुवातीच्या दिवसांसाठी रजा हवी असेल तर पगार 21 हजारांच्या आत असल्याने तुम्ही ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) असणार. वर्गणीच्या सहा महिन्यांत 78 दिवस भरले असतील, तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत सुमारे 70 टक्के वेतन आजारपणाचा लाभ म्हणून मिळतं. सर्टिफिकेट ईएसआय डॉक्टरांचंच लागतं. या लाभावर असताना कंपनीला कामावरून काढता येत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

एवढं करूनही काढलंच, तर अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली 90 दिवसांच्या आत ठाण्याच्या कामगार न्यायालयात तक्रार करा. फीची चिंता नको. औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जाताना त्या माफीनाम्याची प्रत, ओएसटीचं कार्ड आणि लेटमार्क दिसणाऱ्या पगाराच्या स्लिपा बरोबर न्या.