ग्राही नसताना प्रोजेस्टेरॉनचा परिणाम कसा होतो?

गर्भाशयाच्या अस्तरातील एनके (‘नॅचरल किलर’) या रोगप्रतिकारक पेशींमध्ये प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा ग्राही, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे प्रथिन, नसतो, मग स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर, म्हणजे प्रोजेस्टेरॉन वाढते नेमक्या त्याच काळात, त्यांची संख्या कशी वाढते, हा आपला प्रश्न रास्त आहे. संप्रेरक आणि रोगप्रतिकारक पेशी यांचे नाते थेटच असले पाहिजे असे आपण गृहीत धरतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

प्रोजेस्टेरॉनचा ग्राही असतो तो अस्तराच्या स्ट्रोमल, म्हणजे आधार देणाऱ्या, पेशींमध्ये. संप्रेरकाच्या प्रभावाने या सडपातळ पेशी फुगून गोलसर होतात, प्रोलॅक्टिन स्रवू लागतात आणि त्याबरोबरच इंटरल्यूकिन-१५ हे प्रथिनही तयार करतात. एनके पेशींची वाढ, परिपक्वता आणि तग धरणे मुख्यतः या प्रथिनावर अवलंबून असते. इंटरल्यूकिन-१५चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या गर्भाशयात या पेशी आढळतच नाहीत. (तरीही त्या उंदरांना पिल्ले होतात, हे मात्र सांगताना बहुधा गाळले जाते.) म्हणजे हुकूम प्रोजेस्टेरॉनचा असला, तरी तो एनके पेशींपर्यंत पोहोचवतात स्ट्रोमल पेशी. इस्ट्रोजेनचा बीटा ग्राही आणि ग्लुकोकॉर्टिकॉइडचा ग्राही एनके पेशींमध्ये असल्यामुळे त्या दोन संप्रेरकांना थेट वाटही मोकळी आहे, पण त्यातून संख्यावाढीचा उलगडा होत नाही.

गर्भधारणा झाली नाही आणि प्रोजेस्टेरॉन घसरले, की पाळीपूर्वीच या पेशी मरू लागतात. गर्भ रुजला, तर पहिल्या तीन महिन्यांत अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात, आणि गर्भाशयातील नागमोडी धमन्या रुंद होण्याच्या कामात त्या हातभार लावतात. ‘नॅचरल किलर’ हे नाव इथे दिशाभूल करते. मारक प्रथिनांचा साठा जवळ असूनही या पेशी सहसा गर्भाच्या पेशींवर हल्ला करत नाहीत.

रक्तातील एनके चाचणीवरून अस्तराचा अंदाज बांधता येईल का, असेही आपण विचारले आहे. माझे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे. पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिनांवरून त्यांचे प्रकार ओळखतात; रक्तातील बहुतेक एनके पेशींवर सीडी१६ हे असे चिन्ह असते आणि सीडी५६ हे दुसरे चिन्ह कमी असते, तर अस्तरातील पेशींवर सीडी५६ भरपूर असून सीडी१६ जवळजवळ नसते. अस्तराचा तुकडा तपासला, तरी तो एलएच संप्रेरकाच्या (स्त्रीबीज बाहेर पडण्याआधी येणाऱ्या) उसळीनंतर कितव्या दिवशी घेतला हे अहवालात नोंदलेले नसेल, तर त्यातील आकड्याची तुलना कशाशीही करता येत नाही, कारण स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर पाळीपर्यंत तो आकडा दिवसागणिक बदलत असतो.